गेम चालू असताना स्क्रीन काळी, पंखे फुल स्पीड: आरएक्स ५८०, ओव्हरक्लॉकिंग आणि आमच्या विहिरीचा पंप

जूनच्या पहिल्या पावसापासून ते चवथीपर्यंत मी एकाच प्रॉब्लेमच्या मागे लागलो होतो, आणि चवथीनंतर तो एकदाही परत आला नाही म्हणून आता लिहायची हिंमत करतोय. प्रॉब्लेम असा की गेम वीस-पंचवीस मिनिटं मस्त चालतो, मग एकदम स्क्रीन काळी, ग्राफिक्स कार्डचे पंखे दाबोळीवरनं विमान सुटल्यासारखे ओरडायला लागतात, पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. कधी कधी तेवढंही नाही, सरळ मशीनच रीस्टार्ट. आणि परत चालू केलं की सगळं इतकं साळसूद की जणू काही झालंच नाही. ओव्हरक्लॉक (कार्ड कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) काढला तरी तेच. दोन दिवस बरं जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ज्याला विचारलं त्याने सांगितलं, कार्ड गेलं रे, नवीन घे. कार्ड गेलं नव्हतं. एका प्रॉब्लेमच्या नावाखाली तीन वेगळे प्रॉब्लेम एकावर एक बसले होते, एक थोडा हलला की बरं वाटायचं आणि मग दुसरा डोकं वर काढायचा, आणि मी मात्र सगळ्याचं बिल ओव्हरक्लॉकिंगवर फाडत होतो.

मशीन सांगतो. रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १०८०पी मॉनिटर, ५०० वॉट लिहिलेला एक साधा पॉवर सप्लाय, ६०० व्हीएचा यूपीएस, आणि एएमडीचं आरएक्स ५८० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, सेकंडहँड, म्हापशात एकाकडनं घेतलेलं. विकणारा म्हणाला मायनिंगचं नाही, म्हणजे क्रिप्टो नाणी कमावायला रात्रंदिवस पळवलेलं नाही. आता आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, आमच्याकडे मायनिंग म्हटलं की लोखंडाच्या खाणी, लाल धुळीचे ट्रक, २०१२ ला बंद, मग चालू, मग २०१८ ला परत बंद, एवढंच डोक्यात येतं. आईने ऐकलं आणि विचारलं, खाणीवर हे कार्ड कशाला लागतं? मी हसलो, पण खरं तर मीच जास्त चौकशी करायला हवी होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथिरियम या क्रिप्टो नाण्याचं ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि जगभर जी जुनी कार्डं बाजारात आली त्यात ही ५७०-५८० ढिगाने होती.

घेताना एक गोष्ट मात्र बरी केली, जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन गेलो होतो. ५८० च्या नावाने दोन प्रकार विकले जातात, खऱ्या ५८० ला २३०४ शेडर (चित्राची गणितं करणारे छोटे घटक) असतात, आणि २०४८एसपी म्हणून जे येतं त्याला २०४८, म्हणजे आतून ते ५७० च. वाईट नाही, पण ५८० च्या भावाने घेऊ नका. माझं २३०४ निघालं, मी खूश, आणि घरी येऊन पहिल्याच रात्री जे करायचं नसतं तेच केलं. एका व्हिडिओत बघून कोअर (चिपचा वेग) १४३०, मेमरी २२०० मेगाहर्ट्झ, पॉवर लिमिट प्लस ५० टक्के, अप्लाय. दोन तास चाललं पण! मग काळी स्क्रीन.

स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) कार्ड नीट चालतंय का हे न तपासता ओव्हरक्लॉक केला की पुढे काहीही झालं तरी दोष कोणाचा ते कळत नाही. मी सगळं डिफॉल्टला आणलं, दोन दिवसांनी परत काळी स्क्रीन, मग मी ठरवलं की ओव्हरक्लॉकचा संबंध नाही, म्हणून परत ओव्हरक्लॉक लावला. असा गोल गोल फिरत जुलै गेला.

त्यातनं बाहेर काढलं ते एका शाळेच्या जुन्या वहीने. प्रत्येक वेळी बंद पडलं की तारीख, वेळ, कुठला गेम, आणि मुख्य म्हणजे कसं मेलं ते लिहायला लागलो. स्क्रीन काळी पण हेडफोनमध्ये आवाज चालू, की आवाज अडकून घर्रर्र, की सगळंच एका झटक्यात बंद आणि आपोआप चालू. दोन आठवडे झाल्यावर बघितलं तर वहीत सरळ दोन जाती दिसत होत्या. काळी स्क्रीन, फुल पंखे, हे कुठल्याही वेळी, पण जड टेक्श्चरवाल्या गेममध्ये जास्त, व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये जवळजवळ नाहीच. आणि सरळ रीस्टार्ट हे फक्त संध्याकाळी, साडेसहा ते आठच्या मध्ये. सकाळी एकदाही नाही.

हेच विंडोजमध्येही दिसतं. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप केलं की एक आलेख उघडतो, लाल फुल्यांवर क्लिक करा, तिथे लाइव्हकर्नलइव्हेंट १४१ किंवा ११७ दिसलं तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर अडकला होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच वेळेला डिस्प्ले ४१०१ दिसेल, म्हणजे ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने त्याला उठवलं. विंडोज डिफॉल्टला दोन सेकंद थांबतं, त्याच्या पुढे कार्ड गप्प राहिलं तर रीसेट. काही जण सांगतात की रजिस्ट्रीत जाऊन हे दोन सेकंद दहा करा. करू नका, तापाचं औषध म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार आहे तो. आणि कर्नल-पॉवर ४१ (मशीन नीट बंद न होता गेलं अशी नोंद) बघून लोक उगाच घाबरतात, बटण दाबून धरून बंद केलं तरी ४१ येतंच, बघायचं ते त्याच्या आधी काही आहे का. माझ्या संध्याकाळच्या रीस्टार्टच्या आधी काहीच नव्हतं, कोरी पाटी, फक्त ४१. मशीनला मरताना बोलायलाही वेळ मिळाला नाही, असा त्याचा अर्थ, आणि असं बहुतेक करंटच तुटल्यावर होतं.

आधी काळ्या स्क्रीनचं सांगतो कारण त्याची गंमत मोठी आहे.

ड्रायव्हर पूर्ण साफ करावा म्हणून डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्रॅम) सेफ मोडमध्ये चालवलं (नेटची वायर काढून, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं), नवा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट, आणि रिझोल्यूशन एकदम जुन्या टीव्हीसारखं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण, कोड ४३. मला वाटलं आता खरंच गेलं. पण आधी जे चालत होतं ते फक्त ड्रायव्हर नवा टाकल्यावर का चालेना? मग आठवलं की हे कार्ड मी विकणाऱ्याकडनं घेतलं तेव्हा त्याने मला एसएसडी पण त्याच्याच मशीनमधली दिली होती, विंडोजसकट, आणि मी आळशासारखा तीच वापरत होतो.

झालं होतं असं. या पोलारिस पिढीच्या (५७०-५८० त्यातलीच) कार्डांची बायोस, म्हणजे कार्डाच्या चिपमध्ये भरलेला मूळ प्रोग्रॅम, मायनिंगवाले बदलायचे. मेमरीला प्रत्येक स्पीडसाठी टायमिंगचा (मेमरीने किती थांबून काम करायचं त्याचा) एक तक्ता बायोसमध्ये असतो, जास्त स्पीडला सैल टायमिंग, कमी स्पीडला घट्ट. हे लोक कमी स्पीडचं घट्ट टायमिंग उचलून जास्त स्पीडच्या खान्यात चिकटवायचे, म्हणजे इथिरियमचा हॅशरेट, मायनिंगचा वेग, २२-२३ वरनं २९-३० पर्यंत जायचा. मायनिंगमध्ये एखादं उत्तर चुकलं तर एक शेअर (कामाचा एक तुकडा) फुकट गेला एवढंच, पुढचा बघू. गेममध्ये मात्र चुकीचा बिट कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, कधी एखादा रंगीत ठिपका, कधी ड्रायव्हरच गप्प. आणि बदललेली बायोस एएमडीचा ड्रायव्हर ओळखत नाही, सही जुळत नाही, म्हणून ड्रायव्हरला पॅच मारावा लागतो. त्या जुन्या विंडोजमध्ये पॅच मारलेला होता, माझ्या कोऱ्या ड्रायव्हरमध्ये नव्हता, म्हणून कोड ४३.

मी फसलो कारण जीपीयू-झेडमध्ये क्लॉक (वेगाचे आकडे) सगळे बरोबर दिसत होते, १३४० आणि २०००. टायमिंग तिथे दिसतच नाही. त्याचा परिणाम दिसला असता तो एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्यात एएमडी कार्डांसाठी जीपीयू मेमरी एरर्स नावाची ओळ असते, बऱ्याच खाली, कोणी बघत नाही. मी तापमानासाठी लॉग ठेवत होतो त्याच जुन्या फाइलमध्ये तो कॉलम शोधला, पंधरा मिनिटांच्या गेममध्ये आकडा हजाराच्या वर. स्टॉक सेटिंगला तो शून्य पाहिजे. थोडा नाही, शून्य.

इलाज माझ्या बाबतीत फुकटात झाला. कार्डाच्या वरच्या कडेला, पॉवर कनेक्टरच्या जवळ, एक बारीक सरकता स्विच असतो, सगळ्या कार्डांना नाही पण पुष्कळांना, दोन बायोसच्या चिप्स असतात आणि स्विचने निवडायची. मशीन बंद करून, प्लग काढून, नखाने स्विच दुसऱ्या बाजूला केला, चालू केलं, ड्रायव्हर पहिल्या फटक्यात लागला. त्या बाजूला कंपनीची मूळ बायोस तशीच होती. तासभर मेमटेस्ट वल्कन ही कार्डाच्या मेमरीची चाचणी चालवली, एकही एरर नाही, आणि एचडब्ल्यूइन्फोचा आकडा शून्यावरच.

स्विच नसेल तर मूळ बायोस फ्लॅश करावी (चिपवर नव्याने लिहावी) लागते, अगोदर जीपीयू-झेडने आहे ती सेव्ह करून ठेवायची, मग टेकपॉवरअप वेबसाइटच्या संग्रहातनं तंतोतंत तेच मॉडेल आणि तीच मेमरीची कंपनी शोधायची, कारण सॅमसंगची बायोस हायनिक्सवर टाकली तर स्क्रीन यायचीच बंद होते. आणि प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसेल, माझ्या ३६०० सारखा, तर दुसरं एखादं जुनं कार्ड उसनं आणून ठेवा. एक आपल्याकडचं सांगतो, हे काम पावसाच्या दिवशी करू नका. अर्ध्या फ्लॅशमध्ये लाइट गेली तर कार्डाची वीट.

स्विच बदलल्यावर काळी स्क्रीन संपली. मी चार दिवस मित्रांना मेसेज टाकत होतो की सापडलं, सापडलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मशीन रीस्टार्ट.

आता वहीकडे नीट बघितलं. साडेसहा ते आठ. या वेळात आमच्या घरात होतं काय? देवाला दिवा, टीव्ही चालू, आणि आई विहिरीवरचा पंप लावते, टाकी भरायला.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, मी हेवन बेंचमार्क (कार्डाला पूर्ण जोरात पळवणारी चाचणी) चालू ठेवतो, तू सांगितल्यावर पंप लाव. पहिल्यांदा लावला, दिवे किंचित मंद झाले, यूपीएसमधून टक असा आवाज, मशीन रीस्टार्ट. परत. डेस्कटॉपवर नुसतं ठेवून लावला, टक आवाज आला पण मशीन चालू. परत हेवन, परत रीस्टार्ट. चौथ्यांदा मात्र टिकलं. पाचव्यांदा आई म्हणाली, टाकी केव्हाच भरली, आता पाणी तुझ्या कंप्युटरवर ओतू काय? पण एवढ्यात कळायचं ते कळलं होतं. नुसतं पंपाने होत नाही, नुसत्या गेमने होत नाही, दोन्ही एकदम पाहिजेत.

मल्टिमीटर घेऊन सॉकेटला लावला. दुपारी २२६ व्होल्ट. संध्याकाळी आजूबाजूचे सगळे घरी आल्यावर १९८. पंप सुरू व्हायच्या क्षणी, मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आकडा १७५ च्या खाली जाऊन परत वर यायचा. तेवढ्यात यूपीएस म्हणायचा की करंट गेला, आणि बॅटरीवर उडी मारायचा. त्या उडीला काही मिलिसेकंद लागतात. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरने तेवढा वेळ मशीन तोलून धरायचं असतं, चांगला सप्लाय पूर्ण लोडला सुमारे १६ मिलिसेकंद धरतो. पण आधीच व्होल्टेज १९८ म्हणजे कपॅसिटर पुरता भरलेला नाही, त्यात कार्ड पूर्ण जोरात ओढतंय, आणि सप्लाय स्वस्तातला. डेस्कटॉपवर लोड कमी म्हणून निभावायचं, गेममध्ये नाही.

सप्लाय बाहेर काढून लेबल वाचलं तर इनपुट २०० ते २४० व्होल्ट. म्हणजे रोज संध्याकाळी आम्ही त्याला त्याच्या कागदावरच्या मर्यादेच्या खालीच चालवत होतो. हे लेबल कोणी बघत नाही, सगळे फक्त वॉट बघतात. अॅक्टिव्ह पीएफसी (येणारं कमी-जास्त व्होल्टेज सावरून घेणारं सर्किट) वाल्या सप्लायवर बहुतेक वेळा १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्याला १९० व्होल्ट म्हणजे काहीच नाही. गावात, लाइनच्या शेवटी घर असेल, पावसात व्होल्टेज नाचत असेल तर वॉटच्या आधी ही ओळ वाचा.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, माझ्यावर बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलंय. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर गेममध्ये मशीन २९० आणि मॉनिटर २५ च्या आसपास, म्हणजे काठोकाठ. आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये ५८० ची जी पॉवर दिसते, १२०-१३०, ती फक्त चिपची असते हं, पूर्ण कार्डाची नाही, मेमरी, पंखे, व्हीआरएमचं (चिपला व्होल्टेज देणाऱ्या सर्किटचं) नुकसान त्याच्या वर. कंपनीचा आकडा १८५ वॉट आहे आणि ते खरंच तेवढं खातं.

सप्लाय बाहेर काढलाच होता तर अजून एक भूत सापडलं. कार्डाला ८ पिन लागते, जुन्या सप्लायला ती नव्हती, म्हणून दोन मोलेक्समधून (जुन्या चार पिनच्या प्लगमधून) एक ८ पिन करणारा जोड लावला होता. त्या मोलेक्सच्या एका पिनेवर हिरवट थर आणि बाजूचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडलेलं. हवेतल्या दमटपणाने पिना ऑक्सिडाइज होतात, संपर्क कमी, रोध जास्त, तिथेच गरम, म्हणून अजून ऑक्सिडाइज. १५० वॉटची वाट अशा जोडावरनं नेणं म्हणजे तेरेखोलच्या खाडीवर होडी म्हणून दरवाजा सोडणं. स्लॉटमधनं ७५ वॉट, ६ पिनमधनं ७५, ८ पिनमधनं १५०, हा हिशोब लक्षात ठेवा आणि ८ पिन सप्लायमधनं थेट आलेली असू द्या.

मग ५५० वॉटचा, अॅक्टिव्ह पीएफसी, ब्रॉन्झ रेटिंगचा, १०० ते २४० इनपुटवाला सप्लाय घेतला. वायरमनकडून पंपाची आणि माझ्या खोलीची लाइन बोर्डपासूनच वेगळी करून घेतली, अर्थिंगही बघून घेतलं, जुन्या घरांत ते नावालाच असतं. यूपीएस आता राउटरला लावलाय. ते जाणूनबुजून, कारण स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लहरी देतो आणि काही अॅक्टिव्ह पीएफसी सप्लाय त्यावर नाक मुरडतात. लाइट पूर्ण गेली तर माझं मशीन जातं, जाऊ दे, गेमच आहे. पण पंपाने आता काही होत नाही. आई अजून बटण दाबायच्या आधी खालनं ओरडते, पंप लावतेय रे, आणि मी ओ देतो.

दमटपणाचं थोडं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, हवेत कपडे वाळत नाहीत तिथे पिना काय वाळणार. माझा आतेभाऊ हरमलला राहतो, त्याच्याकडे तर खारा वारा, केसचे स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यात तांबडे. आमचं ठरलंय की पावसाळ्यात मशीन वापरायचं नसलं तरी रोज अर्धा तास चालू ठेवायचं, आतली ऊब ओल धरू देत नाही. कार्ड काढून पांढऱ्या खोडरबरने सोनेरी बोटं (स्लॉटमध्ये बसणारे संपर्क) हलक्या हाताने पुसायची, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. एसीत थंड झालेल्या खोलीची खिडकी उघडून लगेच मशीन चालू करू नका, चष्म्यावर जसं धुकं येतं तसं बोर्डावर येतं. ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा, मोकळे सोडले तर वेड्यासारखे फिरून बेअरिंग घालवतात. थर्मल पेस्ट बदलली, जुनी वाळून खडूसारखी झाली होती, ८४ डिग्रीवरनं ७१ ला आलं, खोलीत ३१ असताना. मेमरीवरचे पॅड फाटले तर तेवढ्याच जाडीचे घ्या, जाड घेतले तर हीटसिंक चिपवर टेकत नाही.

हे सगळं होऊन स्टॉकवर पूर्ण दहा दिवस काढले. एकही फुली नाही. मगच ओव्हरक्लॉक, आणि या वेळी उलट्या टोकाकडनं. आधी व्होल्टेज कमी. कंपनी सगळ्या चिप्सना, चांगल्या-वाईट, चालेल एवढं जास्त व्होल्टेज देते, माझ्या कार्डाला सगळ्यात वरच्या वेगाला ११५० मिलिव्होल्ट होतं. एएमडीच्या एड्रेनालिन प्रोग्रॅममध्ये परफॉर्मन्स, ट्यूनिंग, मॅन्युअल, तिथे १३४० मेगाहर्ट्झ तसाच ठेवून २५-२५ ने खाली आणलं. १०५० ला सुपरपोझिशन या चाचणीत अडकलं, १०७५ ला टिकलं. नुसत्या एवढ्यानेच तापमान अजून पाच डिग्री खाली आणि पंख्यांचा आवाज इतका कमी की बाहेरच्या बेडकांचा ऐकू यायला लागला.

मग कोअर, १० मेगाहर्ट्झच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला हेवनचा एक राउंड, पाच पायऱ्यांनंतर अर्धा तास खरा गेम, कारण बेंचमार्क टिकतो आणि गेम टिकत नाही असं हमखास होतं, गेममध्ये लोड वर-खाली होतो आणि क्लॉक-व्होल्टेजच्या उड्यांमध्येच कार्ड पडतं. १३९० ला ११०० मिलिव्होल्टवर थांबलो. १४३० पण चालतं हो, ११७५ देऊन, पण त्यासाठी वीस-तीस वॉट जास्त आणि फरक दोन एफपीएस (सेकंदाला फ्रेम). आपल्या उकाड्यात तो सौदा मला पटत नाही. फरमार्क हे चाचणीचं सॉफ्टवेअर मी वापरतच नाही, ते कार्डाला गेमपेक्षा कितीतरी जास्त ओढायला लावतं, स्वस्त सप्लायवर तर अजिबात नको.

मेमरीची गोष्ट वेगळी आणि माझा तिसरा प्रॉब्लेम इथेच होता. कोअर जास्त झाला तर क्रॅश होतो, सरळ कळतं. मेमरी जास्त झाली तर लगेच क्रॅश होईलच असं नाही, जीडीडीआर५ मध्ये चूक पकडायची सोय असते, पाठवलेलं चुकलं तर परत पाठवतात. म्हणजे २१५० ला सगळं छान दिसतं, ठिपके नाहीत, काही नाही, पण अर्धा वेळ परत पाठवण्यात जातो आणि स्कोअर २०५० मेगाहर्ट्झला येतो त्याच्यापेक्षा कमी येतो! मी पहिल्या रात्री २२०० लावून खूश होतो, प्रत्यक्षात कार्ड हळू करून ठेवलं होतं आणि वर क्रॅशची सोय. म्हणून मेमरी २०-२५ ने वाढवा आणि प्रत्येक पायरीला दोन गोष्टी बघा, एरर्सचा आकडा आणि स्कोअर. माझ्याकडे २१०० पासून एरर्स मोजायला लागले, २०८० ला शून्य, म्हणून २०६० वर ठेवलं, थोडी जागा सोडून, कारण मेमध्ये खोली ३४ असते.

एवढं करून मिळालं काय, तर जीटीए ५ मध्ये माझ्या सेटिंगला सरासरी ७१ वरनं ७५ एफपीएस. बस. ज्यांना वाटतं ओव्हरक्लॉकने ५८० चं नव्या पिढीचं आरएक्स ६६०० होईल त्यांनी आत्ताच स्वप्न सोडावं. त्याच्यापेक्षा जास्त फरक मला रॅमने पडला होता, आधी ८ ची एकच काडी होती, दुसरी लावून ड्युअल चॅनल केल्यावर झटके गेले. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर जात नसेल, साठ-सत्तरवर लटकत असेल, तर कार्ड ओव्हरक्लॉक करून काही उपयोग नाही, अडलंय दुसरीकडेच.

दुसरी कार्डं असतील तर थोडं बदलतं. पॉवर कनेक्टर नसलेलं जीटीएक्स १६५० पूर्णपणे स्लॉटच्या ७५ वॉटवर जगतं, तिथे तुम्ही कोअर कितीही ढकला, ते पॉवर लिमिटला डोकं आपटतं, म्हणून आफ्टरबर्नर या ट्यूनिंगच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज-क्लॉकचा कर्व्ह उघडा आणि कमी व्होल्टेजला तोच क्लॉक बसवा, त्याच वॉटमध्ये जास्त क्लॉक टिकतो. ट्युरिंग पिढीच्या (१६५० त्यातलंच) कार्डांत क्लॉक १५ मेगाहर्ट्झच्या उड्यांनी बदलतो, म्हणून प्लस ७ लावून फरक शोधत बसू नका. आणि आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या, पीसीआय ३ च्या बोर्डावर असेल तर त्याला बोर्डाशी देवाणघेवाण करायला चारच लेन (रस्ते) आहेत, ४ जीबी भरली की झटके येणारच, त्यावर ओव्हरक्लॉक हा उपायच नाही, टेक्श्चर एक पायरी खाली करा.

शेवटचं, ज्याने मला मधले पंधरा दिवस वेड लावलं. लाइट जाऊन मशीन धाडकन बंद झालं की एड्रेनालिन समजतं तुमच्या ट्यूनिंगमुळेच क्रॅश झालं, आणि गपचूप सगळं डिफॉल्टला टाकतं, एक छोटीशी सूचना येते ती मी कधी वाचलीच नाही. म्हणजे मी वहीत १०७५ मिलिव्होल्टला टिकलं म्हणून लिहीत होतो आणि कार्ड ११५० वर चालत होतं. प्रोफाइल फाइल सेव्ह करून डेस्कटॉपवर ठेवा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि पावसाळ्यात लाइट येऊन मशीन चालू केलं की गेम उघडायच्या आधी ट्यूनिंगच्या पानावर जाऊन आकडे आपलेच आहेत का ते बघा.